अनुभव धागा : बचत गटाच्या अध्यक्षांनी स्वतःला कसं तपासावं?

नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेबाच्या वह्या ही पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते. गट पुढे नेणारी बाई स्वतःच्या वागण्यावर नजर कशी ठेवते, हे मात्र कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. नेमकं काय करायचं आणि कुठे फसतं, तेवढं सांगा.

गटाची सचिव :
इतिवृत्ताच्या वहीत शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं लिहा. जी बोलेल तिच्या नावापुढे एक रेघ ओढा, अध्यक्षांच्याही. १२ जणींच्या गटात निम्म्या रेघा एकाच नावापुढे असतील, तर चर्चा झालीच नाही, सूचना दिल्या गेल्या. एका बैठकीवरून काही ठरवू नका, सलग ४ मोजा. कर्जवाटपाच्या दिवशी एरवी गप्प असणाऱ्याही बोलतात. रेघा ओढणारी दर वेळी वेगळी हवी, नाहीतर तिचंच बोलायचं राहून जातं.

सीआरपी ताई (गावातल्या बचत गटांना मार्गदर्शन करणारी कार्यकर्ती) :
"मी कशी वागते?" असं विचारलं की "छानच वागता, ताई" एवढंच ऐकायला मिळतं. त्याऐवजी "गेल्या बैठकीत मी कुणाचं बोलणं तोडलं?" असं विचारा. एकटीला, भाजी निवडताना किंवा शेताच्या वाटेवर. उत्तर आलं की "बरं, लक्षात ठेवते" म्हणून थांबा. आपली बाजू समजावून सांगायचा मोह फार होतो, पण एकदा सांगितली की ती बाई पुन्हा खरं बोलत नाही. पुढच्या बैठकीत जिचं बोलणं तोडलं होतं तिला आधी विचारा. तिथे माफीचं भाषण नको, ती बिचारी अवघडते.

माजी अध्यक्ष :
सगळ्यात कठीण वेळ स्वतःच्या कर्जमागणीची. "माझं शेवटी बघा" हे नम्र वाटतं, पण बायका लगेच "ताईंना आधी द्या" म्हणतात आणि खरी गरजू मागे राहते. म्हणून इतरांसारखीच रक्कम, कारण आणि हप्ते सांगायचे, चर्चा उपाध्यक्षांकडे सोपवायची आणि निर्णय होईपर्यंत बाहेर ओट्यावर बसायचं. आत बसून गप्प राहणं पुरत नाही. चेहरा बोलतो.

उशिराचा दंडही स्वतःचा असेल तेव्हा कुणी मागायच्या आत भरावा.

ग्रामसभेत काम करणारा :
गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडून घेण्यासारखं आहे. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात आणि विषय समजून घ्यायला वेगळा अभ्यासगट बसतो. मोठ्या कर्जाबाबत गटानेही तसंच करावं: एका बैठकीत फक्त माहिती, निर्णय पुढच्या बैठकीत. पहिल्या बैठकीत अध्यक्षांनी मत सांगितलं, की मधला आठवडा वाया गेला. नुसत्या माना डोलल्या तर ती सहमती धरू नका. प्रत्येकीकडून एक वाक्य घ्या, सुरुवात सगळ्यात नव्या सदस्येपासून.

ग्रामसंघातून (गावातल्या बचत गटांचा मिळून झालेला संघ) :
पद सोडायच्या आधी ३ महिने दर चौथी बैठक दुसरीला चालवू द्या. अडचण ठरलेली: बोलते नवी, पण सगळ्यांचे डोळे जुन्या अध्यक्षांकडे. अशा वेळी हजेरी आणि बचतीची नोंद स्वतःकडे घ्या. मान वहीत राहते, मग बायका हळूहळू नवीकडे बघायला लागतात. हिशेबात चूक दिसली तरच मध्ये बोला. बाकीचं बैठक संपल्यावर, तिच्याशी एकटीशी.