अनोळखी गावात जाऊन लोकांसोबत काम करायला कुठे आणि कसं शिकावं? सल्ला हवा

बालाघाटची
नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे या सत्रात आम्हाला 'कम्युनिटी एंगेजमेंट'चे दोन क्रेडिट आहेत. आमच्या गटाला डोंगरपट्ट्यातलं एक गाव मिळालंय. सोबत छापील प्रश्नावली आहे: घरात माणसं किती, शौचालय आहे का, गॅस आहे का, कुणाला व्यसन आहे का. ती भरायची, फोटो लावायचे, अहवाल द्यायचा. सरांकडे बरेच गट आहेत, त्यांना प्रत्येकाबरोबर यायला जमणार नाही.

मला हे काम मनापासून शिकायचंय, पुढे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करायची आहे. ओळख नसलेल्या गावात कसं शिरावं, बायका आणि कडेच्या वस्तीतली माणसं मोकळेपणाने बोलतील यासाठी काय करावं? शिबिर, कोर्स, संस्था, काहीही सुचवा. आम्ही डिसेंबर-जानेवारीत जाणार आहोत.

शिबिरवाला
सगळ्यात आधी तुमच्या महिन्यांबद्दल बोलतो. डोंगरपट्ट्यातलं गाव म्हणजे ऊसतोडीचं गाव असणार. दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरून माणसं कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. डिसेंबरात तुम्हाला म्हातारी माणसं, त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडं आणि कुलपं भेटतील. तुमच्या प्रश्नावलीत त्या घराला 'कुटुंबात सदस्य दोन' असं लिहिलं जाईल आणि कागदावर ते खरंही दिसेल. आमची रासेयोची (राष्ट्रीय सेवा योजनेची) सात दिवसांची हिवाळी शिबिरं नेमकी याच काळात भरायची, त्यामुळे हे मी जवळून पाहिलंय. शक्य असेल तर ऑक्टोबरात, गाड्या निघायच्या आत, एक चक्कर मारा. कोण जातं, कुठल्या कारखान्याला, मुकादमाकडून किती उचल (आगाऊ रक्कम) घेतली, मुलं कुणाजवळ ठेवणार, हे सगळं तेव्हा ओट्यावर बसल्या बसल्या कळतं. उचलीचा विषय तुम्ही काढू नका, माणूस स्वतः बोलला तर ऐका.

शिकण्यासाठी म्हणाल तर रासेयोत नाव घाला. दोन वर्षांत २४० तास आणि एक निवासी शिबिर. ही योजना १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली, आणि गावात मुक्काम करायची इतकी सोपी संधी विद्यार्थ्याला दुसरी मिळत नाही. शिबिराचा दर्जा कार्यक्रम अधिकाऱ्यावर अवलंबून असतो, हे मात्र खरं. आधीच्या वर्षी गेलेल्यांना विचारा: शिबिरात गावातल्या माणसांनी तुम्हाला काही शिकवलं का? उत्तर रस्ता झाडल्यापाशी आणि उद्घाटनाच्या भाषणांपाशी संपलं, तर दुसरी वाट बघा.

तुळजापूर_कट्टा
मी समाजकार्य शिकते. आम्हाला क्षेत्रकार्यात पहिल्यांदा पीआरए, म्हणजे लोकांच्या सहभागातून गाव समजून घ्यायची पद्धत, शिकवतात. नाव जड आहे, पण त्याचं काम जमिनीवर चालतं. मोकळी जागा बघायची, रांगोळी, खडू, बिया, पानं, जे मिळेल ते घ्यायचं आणि लोकांना त्यांच्या गावाचा नकाशा काढायला सांगायचं. तुम्ही काढायचा नाही. काठी लोकांच्या हातात गेली की तुम्ही मागे सरायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण आपल्याला मदत करायची घाई असते.

बायकांचा नकाशा वेगळा घ्या, पुरुषांचा वेगळा. पुरुषांच्या नकाशात आधी देऊळ, ग्रामपंचायत, डांबरी रस्ता येतो. बायकांच्या नकाशात पाण्याच्या जागा येतात, कुठली विहीर कधी आटते ते येतं, अंधार पडल्यावर कुठून जायचं टाळतात ते येतं. दोन्ही शेजारी ठेवले की चर्चा आपोआप सुरू होते. मग शिवारफेरी: गावाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालायचं, वाटेत माती, पीक, ओढा, पडीक रान, सगळ्याबद्दल सोबतच्या माणसांना विचारत. आणि हंगामाची दिनदर्शिका: बारा महिन्यांचे बारा चौकोन, काम कधी, कर्ज कधी, आजार कधी, पाणी कधी. ऊसतोडीच्या गावात ही दिनदर्शिका तुमच्या छापील प्रश्नावलीपेक्षा जास्त सांगेल.

नकाशा कुठे काढता यालाही फार महत्त्व आहे. देवळासमोरच्या पारावर बसलात तर तिथे जे बसू शकतात तेच येतील. प्रत्येक वस्तीत वेगळं बसा, सगळ्यात लांबच्या वस्तीपासून सुरुवात करा.

बालाघाटची
खूप आभार. ऑक्टोबरात जाण्याबद्दल सरांशी बोलते. पण प्रश्नावली भरावीच लागणार. 'व्यसन आहे का' हे मी कुणाच्या दारात उभं राहून विचारू?

गटप्रवर्तक
विचारू नका. मी आशाताईंच्या कामावर देखरेख करते. सासू, सून आणि पोरं समोर असताना हा प्रश्न विचारला की नवऱ्याचा राग संध्याकाळी त्या सुनेवर निघतो. तुम्ही तोवर एसटीत असता. सरांना स्पष्ट सांगा, हा रकाना मोकळा राहील.

गावात शिरताना सरपंच आणि ग्रामसेवकांना भेटा, परवानगी घ्या, पण त्यांच्यासोबत घरोघरी फिरू नका. त्यांच्याबरोबर गेलात की लोक तुम्हाला योजनेची माणसं समजतात, घरकुलाची यादी काढायला आलेत असं वाटून त्या हिशोबानेच उत्तरं देतात. आशाताई किंवा अंगणवाडीताईंबरोबर जा. त्यांना वेळ विचारून जा, त्यांच्या लसीकरणाच्या दिवशी त्यांना अडकवू नका. आणि पहिल्याच वाक्यात खरं सांगा: आम्ही विद्यार्थी आहोत, आमच्याकडून पैसे किंवा योजना मिळणार नाही, आम्ही शिकायला आलोय. हे ऐकून काही जण उठून जातील. बसतील ते तुमच्याशी खरं बोलतील.

दुपारी दोन ते चार या वेळेत बायकांना थोडी उसंत असते, तीही सुगी नसेल तर. हात रिकामे ठेवून बसू नका, शेंगा निवडत असतील तर तुम्हीही निवडा. फोटो काढण्याआधी विचारा, आणि मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका.

पर्वतीपायथा
माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. पद्धती शिकाच, पण आधी कुणी लोकांचं ऐकून आपलं ठरलेलं काम बदललं, अशी उदाहरणं नीट अभ्यासा. मला दोन फार मोलाची वाटतात.

पहिलं विद्यापीठातलंच आहे, म्हणून तुमच्या जास्त जवळचं. पुण्यात १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातली माणसं कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेली. साक्षरतेचा कार्यक्रम होता. ती मुलांबरोबर, त्यांच्या आयांबरोबर वेचायलाही गेली, आणि दिसलं ते असं की ओल्या-घाणेरड्या ढिगातून वेचण्याऐवजी घरातूनच वेगळा केलेला सुका कचरा मिळाला, तर कमाई वाढते आणि हात कमी खराब होतात. मग बायकांसाठी असा कचरा मिळवून द्यायचं काम सुरू झालं. त्यातून, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांची साथ मिळून, १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे महापालिकेने ओळखपत्रं दिली, आणि त्याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आज पुण्यात दारोदार कचरा गोळा करते. अक्षर ओळखीपाशीच अडून बसले असते तर यातलं काही झालं नसतं.

दुसरं गडचिरोलीतलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही आरोग्य संस्था सुरू केल्यावर आदिवासींना विचारलं की तुम्हाला दवाखाना कसा हवा. लोक म्हणाले, मोठ्या इमारतींची भीती वाटते, पांढरे कपडे आम्ही मेलेल्याला गुंडाळतो, आणि रुग्णाबरोबर नातेवाइकांना राहू देत नाहीत. म्हणून शोधग्रामचा, म्हणजे सर्चच्या वसाहतीतला, दवाखाना झोपड्यांसारखा बांधला, घरची माणसं सोबत राहतील असा, आणि त्याला नाव दिलं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. इतकं साधं विचारायलाही धाडस लागतं, कारण उत्तर आपल्या आराखड्याला उलटं येऊ शकतं. तुमच्या गटाने सरांकडे एवढीच सवलत मागावी: प्रश्नावलीतले निम्मे प्रश्न गावाने ठरवायचे.

तुळजापूर_कट्टा
गडचिरोलीचा विषय निघाला म्हणून. सर्चचा 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम २००६ पासून चालू आहे. अर्ज भरून, मुलाखत देऊन प्रवेश मिळतो, जरूर बघ. आणि जमलं तर तिथलंच मेंढा-लेखा हे गाव बघून ये. वन हक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं ते सुरुवातीचं गाव, तेही सर्वसहमतीने निर्णय घेणारं. तिथला अभ्यासगट हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे: विषयाचा अभ्यास तिथे होतो, निर्णय मात्र ग्रामसभाच घेते. बाहेरच्या शिकलेल्या माणसाने कुठे थांबायचं, हे मला त्या रचनेतून उमगलं.

शिबिरवाला
हे सगळं लांबचं झालं. जामखेड तुम्हाला जवळ आहे. आरोळे दाम्पत्याने १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला आणि शाळेची पायरीही न चढलेल्या बायकांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. आधी चिठ्ठी पाठवून परवानगी घ्या, मग एक दिवस जाऊन नुसतं त्या बायकांचं बोलणं ऐका. त्या कशा समजावतात, कुठे थांबतात, ते बघा. कोर्सचं प्रमाणपत्र नंतरही मिळेल.

बालाघाटची
सरांशी बोलले. ऑक्टोबरातल्या भेटीला ते हो म्हणाले, व्यसनाचा रकानाही काढला. निम्म्या प्रश्नांबद्दल 'बघू' म्हणालेत. आता शेवटचं विचारते: जे समोर येईल ते गावाला परत कसं सांगायचं? अहवाल तर कॉलेजच्या कपाटात जाणार.

गटप्रवर्तक
अहवाल नको, एक मोठा कागद करा. नकाशा, दिनदर्शिका आणि गावाने सांगितलेल्या तीन-चार गोष्टी, ठळक अक्षरात. कुणाचंही नाव नको. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, तिथे आधी वाचून दाखवा, बायका दुरुस्त करतील ते दुरुस्त करा, मग मुख्य सभेत मांडा. जे तोडीला गेलेत त्यांच्यासाठी पुन्हा १ मे च्या ग्रामसभेला जा. तुमची परीक्षा तेव्हा जवळ असेल, तरी गटातल्या दोघींनी तरी जावं, कारण ज्यांच्याबद्दल तो कागद आहे ती माणसं तेव्हाच गावात असतात. महिला सभेची तारीख ग्रामसेवकांकडून लेखी मागून घ्या आणि मला व्यक्तिगत निरोप करा, त्या भागातल्या आशाताईंना मी सांगून ठेवते.