मदत हवी आहे: निवारागृहातल्या मुलींसोबत नाताळ

मी दर रविवारी एका निवारागृहात शिवण शिकवायला जाते. देहव्यापारातून सोडवलेल्या वीसेक मुली तिथे आहेत. काही बंगालच्या, काही नेपाळच्या. यंदा २५ डिसेंबरला नाताळ करतोय. कुलकुल, नेवऱ्या हे नाताळचे गोड पदार्थ मुलीच वळणार आहेत.

अडचण भेटवस्तूंची. कुणीतरी गोड बोलून दिलेला ड्रेस, मोबाइल, इथूनच काहींची फसवणूक सुरू झाली होती. त्यामुळे अनोळखी माणसानं सांताक्लॉज होऊन येणं मला नकोच वाटतं. मग मुलींनीच एकमेकींसाठी भेट निवडावी का? कुणी असं केलंय? फोटो काढणार नाही. अल्पवयीन मुलींची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार बंदी आहे.

आणि वसईकडच्या ताईंनो, एवढ्या जणींच्या कुलकुलांना मैदा किती घेऊ?