सोलापूरच्या उन्हात हस्की: ज्यांनी पाळलाय त्यांनी लिहा

होटगीरोडवाली:
काल भर दुपारी आसरा चौकात एका मुलाच्या स्कूटरवर पायाशी हस्कीचं, म्हणजे त्या बर्फातल्या केसाळ कुत्र्याचं, पिल्लू उभं होतं. निळे डोळे, जीभ पार खाली लोंबलेली. आमच्या भालूची इतकी आठवण आली की घरी येऊन त्याचा पट्टा कपाटातून काढून हातात घेऊन बसले.

भाचा परदेशी निघाला म्हणून भालू आमच्याकडे आला. मार्च ते जून घराचं सगळं वेळापत्रक त्याच्या हवाली. फिरणं पहाटे उजाडायच्या आत, नाहीतर रात्री रस्ता निवल्यावर. पालथा हात डांबरावर ठेवून बघायचा, आपल्याला टेकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजणारच. दुपारभर तो शहाबादी फरशीवर पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे फाकवून पडायचा आणि कूलरचं तोंड त्याच्याकडे. पाहुणे आले तरी ते तोंड फिरलं नाही. म्हातारा होऊन गेला, उन्हानं नाही गेला, याचं मला फार समाधान आहे. तुमचेही अनुभव येऊ द्यात.

यंत्रमागवाला:
केस लिहायचे राहिले की ओ ताई! वर्षातून दोनदा आतली लोकर सुटते तेव्हा मागाच्या शेडमध्ये कापूस उडतो तसं घर होतंय. वरणात केस, देवाच्या समईत केस. आमची आई रोज सकाळी ओट्यावर बसून त्याला विंचरायची, गोणपाटभर लोकर निघायची. चिमण्या ती उचलून घरट्याला न्यायच्या.

शेळगीची_सून:
आणि उन्हाळ्यात गोटा करा म्हणून सांगणारे शंभर भेटतील. अजिबात करू नका. वरचे राठ केस कातडीला ऊन लागू देत नाहीत, आतली लोकर आपोआप गळते. भादरलं तर कधी कधी केस नीट परत येतच नाहीत. विंचरणं हाच उपाय. (कुकर लावलाय, नंतर येते)

जुळे_सोलापूर_बाबा:
मे महिना, दुपारी लाइट गेली. एसी इन्व्हर्टरवर चालत नाही. आमची राणी धापा टाकायला लागली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक, उठवलं तर मागचे पाय लटपटले. डॉक्टर फोनवर म्हणाले आधी गार करा, मग आणा. बाथरूममध्ये साधं पाणी पोटावर, काखेत, जांघेत ओतत राहिलो, मुलगी पुठ्ठ्यानं वारा घालत होती. मी भिजवलेला टॉवेल पांघरायला निघालो तेव्हा डॉक्टरांनीच थांबवलं. म्हणाले टॉवेल अंगावर राहिला की उष्णता आतच कोंडते. कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, बाकी सगळी भिस्त धापेवर. दवाखान्यात पोचलो तेव्हाही ताप 105. एरवी 101-102 असतो. वाचली. त्यानंतर इन्व्हर्टरवर चालणारा छोटा कूलर घेतला. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे कूलर छान चालतो. पावसाळ्यात मात्र त्याचा काही उपयोग नाही.

होटगीरोडवाली:
बाबा, वाचूनच हातपाय गार पडले. राणीला माझ्याकडून एक पापा.

अक्कलकोटरोड:
आमचा भुंकत नाही, गळा काढतो. अँब्युलन्स गेली की हूऽऽऽ सुरू. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या कुत्रं रडतंय, कुणाचं तरी वाईट होणार. त्यांचं म्हातारपण, भीती वाटणारच. मग मी त्यालाच त्यांच्याकडे घेऊन गेलो, त्यांच्यासमोर मोबाइलवर सायरन लावला. तो सुरात गायला लागला आणि आजी हसून हसून बेजार. आता संध्याकाळी स्वतः त्याला दहीभात भरवतात.

शेळगीची_सून:
दहीभात चालेल, पण कांदा घातलेला रस्सा नको हं. कांदा-लसूण कुत्र्याला विषच. बेदाणेही.

पार्कचौक_दादा:
मुलाला शाळेत प्रकल्प होता म्हणून कळलं. 1925 साली अलास्कात नोम गावात घटसर्प पसरला, त्यावरचं औषध (अँटिटॉक्सिन) पोचवायला सुमारे 20 गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्री बर्फातून घसरगाड्या ओढत टप्प्याटप्प्यानं पळाली. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कला आहे, पण सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा टप्पा टोगोनं ओढला. ती ताकद यांच्या रक्तात आहे बगा. म्हणूनच दोन वेळा नीट पळवलं नाही की सोफा फाडतंय, तुळशीजवळ खड्डा काढून त्यात झोपतंय.

नवी_आई_सोलापूर:
मुलगा हट्टाला पेटलाय हस्कीच हवा. टू बीएचके, चौथा मजला, आम्ही दोघं नोकरीला. पाण्याचं तर माहितीच आहे, चार-पाच दिवसांआड. घ्यावा का?

जुळे_सोलापूर_बाबा:
नको ताई. माझा जीव आहे राणीवर, म्हणूनच सांगतोय. दुपारी घरात माणूस नसेल आणि लाइट गेली तर कोण बघणार? मुलाला एखाद्या रविवारी आमच्याकडे पाठवा, राणीबरोबर खेळू द्या.

मोहोळकर:
आपली कारवान कुत्री बघा की. शेजारी बागलकोटकडचा मुधोळही तसाच. आखूड केस, सडपातळ, या उन्हातलीच जात. आमच्या शेतावर आहे, ज्वारीची भाकरी आणि ताक खाऊन सशाच्या मागं सुटतंय. पण त्यालाही मोकळं रान लागतं, फ्लॅटमध्ये कोंडू नका.

नवी_आई_सोलापूर:
खरंच आभार सगळ्यांचे. मुलाला हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. रागावलाय, पण रविवारी राणीकडे यायला तयार आहे.

यंत्रमागवाला:
मोहोळकर, हुरडा कधी ओ यंदा?

मोहोळकर:
जानेवारीत, गड्डा जत्रेच्या आसपास. या सगळे, कुत्री घेऊन. थंडीत राणी मनसोक्त पळंल रानात.

शेळगीची_सून:
मी शेंगाचटणी आणते. राणीला नाही देणार, काळजी नको बाबा. आमच्याकडे पाणी आलं, ड्रम भरून येते.