आधी हिशोब, मग घड्याळ

ऑनलाइन पोकरमध्ये समोरच्याने वेळ घेतला म्हणजे ब्लफ (पत्ते कमजोर असताना भारी असल्याचा आव), बिनधास्त कॉल करा (त्याने लावले तेवढेच घाला), असं काही जण म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. समजा टर्नला (टेबलावरचा चौथा पत्ता उघडल्यावर) तुमचा फ्लश ड्रॉ आहे (एकाच चिन्हाचे पाच पत्ते, म्हणजे फ्लश, व्हायला एक कमी), पॉट (मधे जमलेली रक्कम) 100 चा आणि त्याने 50 लावले, म्हणजे 50 घालून 150 जिंकायचेत, कॉल परवडायला 25 टक्के (एकूण 200 पैकी तुमचे 50) चान्स हवा आणि न दिसलेल्या 46 पत्त्यांत तुमच्या कामाचे 9 च, म्हणजे साडेएकोणीस टक्के. फ्लश लागल्यावर त्याच्याकडून अजून 55-56 तरी निघतील असं वाटलं तरच कॉल, नाहीतर सरळ फोल्ड (पत्ते टाकून द्या).

टायमिंग बघायचं ते यानंतर. झटकन कॉल आला तर बहुतेक वेळा मध्यम हात (पत्ते) नाहीतर ड्रॉ असतो, कारण मोठा हात असला की रेज करू का (रक्कम वाढवू का) म्हणून माणूस दोन सेकंद तरी थांबतोच. परवा एकाने रिव्हरला (शेवटच्या, पाचव्या पत्त्यावर) टाइम बँक (विचाराला मिळणारा जादा वेळ) संपत आणली आणि मग ऑल-इन (समोरचे सगळे लावले), मी ब्लफ समजून कॉल केला, तर सेट (एकाच आकड्याचे तीन पत्ते) निघाला! शिवाय कोणी चार टेबलं खेळत असतो, कोणाचं नेट अडकतं, त्यामुळे तो एरवी किती वेळ घेतो हे मी आधी वीस-पंचवीस डाव बघतो आणि त्याच्या नावापुढे नोट करून ठेवतो.