जुन्या इंग्रजी सॅम्पलरची प्रत: पाने निळी भरावीत की हिरवी?

सुईदोरा:
अठराव्या शतकात इंग्लंडमधील एका मुलीने भरलेल्या सॅम्पलरची (टाके शिकताना मुळाक्षरे व नक्षी भरलेल्या कापडाची) प्रत मी फुलीच्या टाक्यात भरायला घेतली आहे. नमुन्याच्या आलेखात झाडांची पाने आणि गवत चक्क निळे दाखवले आहे, आणि मूळ वस्तूच्या छायाचित्रातही ते तसेच दिसते. रंग आलेखाप्रमाणेच घ्यावेत का? शिवाय मुळाक्षरांत जे आणि यू नाहीत, ती घालावीत का? लिननऐवजी मॅटीचे (मोजता येणाऱ्या चौकोनी घरांच्या विणीचे) कापड चालेल का?

कशिदाकार:
त्या मुलीने पाने हिरवीच भरली असणार. त्या काळी हिरवे रेशीम निळीत आणि पिवळ्या वनस्पतिरंगात असे दोनदा रंगवून मिळत असे. उजेडाने पिवळा उडतो आणि चिवट निळा तेवढा मागे राहतो. चौकटीतून काढलेल्या सॅम्पलरची मागची बाजू पाहिली, तर तिथे उजेड न पोहोचल्याने हिरवा बराच टिकलेला आढळतो. मी मागच्या बाजूवरूनच रंग ठरवते, कारण पुढचा निळा हे उन्हाचे काम आहे, भरणारीचे नव्हे.

जुनीपेटी:
मला हे पटत नाही. आपण ज्या सॅम्पलरच्या प्रेमात पडतो तो विटलेलाच असतो, आणि मूळ रंगांत भरलेली प्रत भिंतीवर पुष्कळदा भडक दिसते.

उभाआडवा:
विटलेपणाची प्रत करायची म्हटले, तर गळलेल्या टाक्यांचे काय करणार? काळ्या-तपकिरी रेशमाच्या रंगातील लोहामुळे दोराच कुजतो, अक्षर झडून जाते आणि कापडावर सुईची भोके तेवढी उरतात. ती भोके मोजून आलेख करणारे अक्षर पुन्हा मांडतात, आणि आपणही ते निमूटपणे भरतो. मग पानांनाच वेगळा न्याय का?

जे आणि यू घालू नका. त्या काळी आय-जे आणि यू-व्ही या जोड्या पुष्कळदा एकेकच अक्षर मानल्या जात, त्यामुळे ती गाळलेली नाहीत.

मॅटीबद्दल म्हणाल, तर इंचाला 40 धाग्यांच्या लिननवर दोन-दोन धाग्यांवर भरल्यास इंचात 20 फुल्या बसतात. इंचाला 14 घरांच्या मॅटीवर 200 फुल्यांचा नमुना 10 इंचांऐवजी सव्वाचौदा इंचांपर्यंत पसरेल आणि बारीक अक्षरे ओबडधोबड दिसतील. हातमागाच्या जुन्या लिननमध्ये उभे-आडवे धागेही सारखे नसत, म्हणून मूळ फुलीचे घर किंचित बुटके किंवा उंच असते; समान विणीच्या कापडावर तेवढा फरक पडणारच.