फ्रोजन पराठे, टिक्क्या वगैरे: कोण कोण खातं आणि कसं?

चिंगी_कोथरूड:
एकटीच राहते, ऑफिसातून घरी पोचायला साडेआठ होतात आणि डबेवाल्या काकूंनी डबा बंद केलाय, त्यामुळे सध्या फ्रीजर जिंदाबाद. मलबार पराठे, मटार, बटाट्याच्या टिक्क्या. पाच पराठे सव्वाशेच्या आत येतात म्हणजे दोन रात्री निघतात, तेवढ्यात बाहेरून धड एक भाजी पण येत नाही. आणि खरं सांगू, आवडतं मला हे! आई मात्र "बर्फातलं शिळं कसलं खातेस" म्हणून सुरू होते. तर माझे पराठे वरून करपतात नि आत कच्चे राहतात, काय चुकतंय? आणि टिक्क्यांना सॉस सोडून अजून काय लावता?

तवा_गरम:
आधी बाहेर काढून ठेवत असशील आणि मग मोठ्या गॅसवर टाकत असशील, बरोबर? मऊ पडला की मधल्या प्लास्टिकला चिकटतो नि पदर बसतात. फ्रीजरमधून थेट तव्यावर, गॅस मध्यम, तेल नको, त्यात असतंच भरपूर. दोन्हीकडून तपकिरी ठिपके आले की उतरव आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्यासारखा कडेकडेने आत दाब, पदर सुटतात. हात भाजतो, भाजू दे.

बाकी २०२० मध्ये पोळीवर ५ टक्के नि पराठ्यावर १८ टक्के जीएसटी यावरून केवढा कल्ला झाला होता आठवतंय? सप्टेंबर २०२५ पासून दोन्हीवर शून्य आहे, बिल बघून घे.

न्यूजर्सीची_माई:
अगं इकडे आमचा अर्धा संसार फ्रीजरवर आहे. खवलेला नारळ, मेथी, शेवग्याच्या शेंगा (या आमटीत अगदी शेवटी टाकायच्या, नाहीतर लगदा). एका गणपतीत तर नैवेद्याला फ्रोजन मोदकच वाफवले, वर तूप सोडलं आणि सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवले, म्हणाल्या कळ्या काय सुरेख पडल्यात. अजून सांगितलेलं नाही.

बंड्या७७:
टिक्की लादीपावात घाल, लसणाची सुकी चटणी, तळलेली मिरची, विषय संपला. मिनी सामोसे वगैरे आप्पेपात्रात कर, चमचाभर तेलात मस्त कुरकुरीत होतात. मटाराचं पाकीट घेताना हलवून बघायचं, दाणे सुटे वाजले पाहिजेत, ढेकूळ लागलं तर मधे कुठेतरी वितळून परत गोठलंय, ठेवून दे. हे सगळं उणे १८ ला राहायला पाहिजे, दुकानात सगळ्यात शेवटी उचल. आणि मागचं लेबल वाचत जा, मैदा आणि पाम तेल आहे त्यात, रोज नको.

चिंगी_कोथरूड:
पराठा जमला!! हात भाजला. माई, तुम्ही ग्रेट आहात. आप्पेपात्र साताऱ्याला आईकडे आहे, मागवलं तर कशाला हवंय ते सांगावं लागणार 🙈