कूलरचा प्रोजेक्ट, मेंटरनं किती हात घालावा?

बर्डीवाला: इथल्या एका शाळेच्या अटल लॅबमध्ये (सरकारी योजनेतली, पोरांनी वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा) नववीच्या पोट्ट्यांच्या टीमला मेंटर करून राहिलो. स्पर्धेचा विषय पाणी वाचवणे, तर पोरांनी कूलर घेतला, कारण मे महिन्यात आपल्याकडे घरोघरी टाकीत पाईप सोडतात न् विसरतात, मग अंगणभर पाणी. आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), टाकीत दोन तारांचा सेन्सर, रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच), १२ व्होल्टचा छोटा पंप, टाकी भरली की पंप बंद. पण पंप चालू झाला की बोर्ड रिसेट होतो, म्हणजे बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू. काहून होते ते मला अंदाजे समजलं, पण सांगू का नको? एकाचे बाबा तर म्हणतात द्या इकडे, रात्रीतून करून देतो. पंधरा दिवस उरलेत राजेहो.

सोल्डरगन: सांगू नका, मोजायला लावा. आधी पंपाची वायर काढा आणि नुसता रिले टकटक करू द्या. तरी रिसेट झाला तर सप्लाय कमी पडतोय, लॅपटॉपच्या साध्या यूएसबीवर ५०० मिलीअँपच्या वर धरून चालू नका. नाही झाला तर पंपाच्या मोटरचा झटका येतोय, पंपाच्या दोन टोकांमध्ये आडवा १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) लावायचा आणि त्याला वेगळी बॅटरी द्यायची. डायोड उलटा लावला तर तो सरळ शॉर्ट होतो, तेवढं मात्र आधीच सांगून ठेवा 😄

विज्ञानवाल्या_ताई: भाऊ, अटल लॅब सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे, बाबांसाठी नाही! 😀 फर्स्ट लेगो लीग या मुलांच्या रोबोट स्पर्धेचंच बघा ना, रोबोटचा सामना अडीच मिनिटांचा, पण रोबोट डिझाईन, इनोव्हेशन प्रोजेक्ट यावर परीक्षकांसमोर मुलंच बोलतात, आणि बाबांनी केलेलं असेल तर दुसऱ्याच प्रश्नाला पोरगं छताकडे बघतं. रोज वहीत काय बिघडलं ते तारीख टाकून लिहायला लावा, खाडाखोड असू द्या.

हातोडा: ताई थोडं असहमत. सगळंच शोधू द्या म्हटलं तर पंधरा दिवस रिसेटमधेच जातील, दोन दिवस द्या, नाही जमलं तर सरळ दाखवा. आणि घरच्या कूलरच्या २३० व्होल्टच्या पंपाला पोरांनी हात लावायचा नाही, तिथं शोधबिध काही नाही, १२ व्होल्टवरच डेमो द्या.

सोल्डरगन: २३०चं एकदम बरोबर. अजून एक, त्या दोन तारा सतत डीसीवर पाण्यात राहिल्या तर काही दिवसांत गंजून खाल्ल्या जातात, रीडिंग घ्यायच्या वेळीच पॉवर द्या किंवा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा) लावा.

बर्डीवाला: पंपाची वायर काढून बघितली, रिसेट बंद! एक पोरगी लगेच म्हणते "सर म्हणजे मोटरच वांधा करून राहिली". डायोड आज आणतो. बाबांना डेमोसाठी लाकडी स्टँड बनवायला दिला, खूश आहेत. फ्लोट स्विच नागपूरच्या बर्डीत कुठं मिळेल कोणाला माहीत आहे का?